वडिलांचं वय आणि बाळातले नवे जनुकबदल: हिशेब कसा मांडायचा, तपासणीत काय पाहायचं

हिशेबासाठी वडिलांचं गर्भधारणेच्या वेळचं वय धरा. आइसलँडच्या डीकोड जेनेटिक्स या जनुक-संशोधन कंपनीने २०१७ मध्ये आई, वडील आणि मूल अशी १,५४८ त्रिकुटं तपासून दर काढला: वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे सुमारे १.५ नवे (म्हणजे आई-वडिलांत नसलेले) बदल, आईच्या दर वर्षामागे ०.३७. तसे प्रत्येक बाळात साठ-सत्तर नवे बदल असतातच.

वडील ४२ वर्षांचे असतील तर ३० वर्षांच्या वडिलांपेक्षा (४२ − ३०) × १.५ = १८ बदल जास्त. आकड्याने घाबरू नका. प्रथिनांची माहिती असलेला भाग जनुकसंचाच्या जेमतेम दीड टक्का आहे. १८ चा दीड टक्का ०.२७, म्हणजे अशा चार बाळांमागे एखादा जादा बदल त्या भागात पडतो, आणि तोही बहुधा निरुपद्रवी.

हा हिशेब काही आजारांना मात्र लागू पडत नाही. शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशी वयात आल्यापासून साधारण दर १६ दिवसांनी विभागतात. एफजीएफआर३ जनुकात अकॉन्ड्रोप्लेझियाचा (हातापायांची हाडं आखूड राहून उंची खुंटते तो आजार) बदल झालेली पेशी शेजारच्या पेशींपेक्षा जास्त वाढते, त्यामुळे वयाबरोबर तिचा वाटा सरळ रेषेपेक्षा वेगाने चढतो. हा आजार शेवटच्या भावंडांत जास्त दिसतो, हे जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९१२ मध्येच टिपलं होतं. तरीही तो साधारण २५,००० जन्मांमागे एकालाच होतो.

इथेच बरेच पालक फसतात: डबल मार्कर (डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगणारी आईच्या रक्ताची चाचणी) नॉर्मल आला की निश्चिंत होतात. त्या चाचणीत आईचं वय धरतात, वडिलांचं नाही. नेहमीची एनआयपीटीसुद्धा (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए पाहणारी चाचणी) गुणसूत्रांची संख्या पाहते, डीएनएच्या एका अक्षराचा बदल तिला दिसत नाही. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी कराच, पण अकॉन्ड्रोप्लेझियात मांडीचं हाड बहुधा २४ आठवड्यांनंतर मागे पडू लागतं. म्हणून वडील चाळिशीपुढचे असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि २८ ते ३२ आठवड्यांच्या ग्रोथ स्कॅनमध्ये फीमर लेंग्थ (मांडीच्या हाडाची लांबी) आधीच्या मापाशी ताडून घ्या.

पहिल्या मुलाला असा आजार असेल तर फक्त मुलाचं रक्त पाठवू नका. तिघांचंही जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत द्या, नाहीतर बदल नवा की आनुवंशिक हे ठरवणं अवघड जातं. नवा ठरला तरी पुढच्या खेपेची शक्यता शून्य होत नाही: वडिलांच्या किंवा आईच्या काही बीजपेशींत तो आधीच असू शकतो, म्हणून समुपदेशनात साधारण १ टक्का धरतात. रिपोर्टमधलं जनुकाचं आणि बदलाचं नेमकं नाव जपून ठेवा. पुढच्या गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन नेमका तोच बदल शोधता येतो. त्यासाठी पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा) नोंदणी असलेलं केंद्रच लागतं, आणि आईची लेखी संमती ‘फॉर्म जी’ या अर्जावर द्यावी लागते.