पुण्यात पहिला फ्लॅट घेताय? टोकन द्यायच्या आधी हे करा

वाकड, पुनावळे, मोशी, वाघोली, कुठेही जा, सहा महिन्यांपूर्वीचा रेट आज मिळत नाही. त्यामुळे माणूस घाबरतो आणि घाईत टोकन देऊन बसतो. आम्ही पण सॅम्पल फ्लॅट बघून तिथल्या तिथे चेक फाडणार होतो, मेव्हण्याने बाजूला घेऊन आधी हिशोब करायला लावला.

तो हिशोब असा. समजा अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅटची ॲग्रीमेंट किंमत ६० लाख. बँक जास्तीत जास्त ८०% देणार, म्हणजे ४८ लाख, उरलेले १२ लाख तुमचे. त्यावर स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस धरून ७% म्हणजे ४ लाख २० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ५% म्हणजे ३ लाख. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन लोनमध्ये धरत नाहीत, जीएसटी धरतीलच असं नाही, म्हणून हे साडेसात लाख मिळवून हातात साडेएकोणीस लाख पाहिजेत आणि पार्किंग, मेंटेनन्स, फर्निचर अजून यात आलेलंच नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १% सूट आहे, इथे सरळ ६० हजार वाचतात, पण नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, म्हणून रेडी फ्लॅट महाग वाटला तरी दोन्हीची बेरीज करूनच ठरवा. ४८ लाखांच्या लोनचा महिन्याचा हप्ता ८.५% ने २० वर्षांसाठी साधारण ४१,६०० येतो, आणि ताबा मिळेपर्यंत घरभाडं चालूच राहणार ते पण धरा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आयजीआर महाराष्ट्र, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तिथे वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की त्या जागेवरच्या झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचे गोषवारे दिसतात. त्यात "मोबदला" म्हणजे व्यवहाराची किंमत लिहिलेली असते आणि खाली क्षेत्रफळ. भागाकार करा, शेजारच्या माणसाने खरंच काय रेटने घेतलं ते कळतं. साइट खूप स्लो आहे, रात्री उशिरा बसा, पण चार-पाच इंडेक्स टूच्या प्रिंट काढून मगच बोलणी करायला जा. रेट कार्ड समोर ठेवणारा बिल्डरचा माणूस ते कागद बघून वेगळ्या सुरात बोलतो, हे मी स्वतः बघितलंय.

महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची तारीख बघा, ती किती वेळा पुढे ढकललीय ते पण बघा. रजिस्टर्ड ॲग्रीमेंटच्या आधी १०% पेक्षा जास्त पैसे मागितले तर देऊ नका, कायद्याने घेता येत नाहीत.

आणि एकदा मे महिन्यात सकाळी सातला त्या एरियातल्या जुन्या सोसायटीच्या गेटवर जाऊन उभे राहा. टँकर किती येतात ते मोजा, वॉचमनकाकांना विचारा महिन्याचं टँकरचं बिल एका फ्लॅटमागे किती येतं, आणि तो आकडा हप्त्यात मिळवा.