रस्ता रुंद होण्याआधी जुन्या वस्तीची नोंद कशी करून ठेवायची

वस्ती वाढली की रस्ता रुंद होणार, ड्रेनेजची लाइन बदलणार, जुना पूल जाऊन नवा येणार, आणि ते व्हायलाही हवं, पण काय काय जातंय त्याची नोंद जेसीबी दारात आल्यावर होत नाही. न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन पाडायला १९६३ मध्ये सुरुवात झाली आणि जुन्या वास्तू वाचवायचा त्या शहराचा कायदा आला १९६५ मध्ये! म्हणून काम कागदावर आहे तोवरच हातात घ्या.

रस्त्याचा प्लॅन मिळवा. रस्त्याची रेषा नेमकी कुठून जातेय ते बघून तिच्या दोन्ही बाजूंनी चालत जा आणि जुनी भिंत, कोरलेला दगड, विहीर, मोठं झाड, जे दिसेल ते नकाशावर टिपत जा. हरकतींची शेवटची तारीख विचारून घ्या, ती बहुतेकांची हुकते. आणि हरकतीत नुसतं 'वारसा वाचवा' लिहू नका, इंजिनियरला करता येईल असं काहीतरी मागा, म्हणजे इथे लाइन थोडी सरकवा, इथे हाताने खोदा, या भिंतीजवळ रोलरचं व्हायब्रेशन बंद ठेवा.

रस्त्याच्या उंचीकडे तर कोणी बघतच नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकत गेले की रस्ता दर वेळी वर चढतो, मग जुन्या घरांची जोती खाली जातात, पावसाचं पाणी आत शिरतं आणि ज्या घराला कोणी हात लावला नाही तेही काही वर्षांत ओल धरून खराब होतं. त्यामुळे आधी खरवडा मगच नवा थर टाका, हे लेखी मागा. चुन्यात बांधलेल्या भिंतीला दुरुस्ती म्हणून सिमेंटचा गिलावाही करू देऊ नका, ओल आत अडकते आणि दगड-विटा झिजायला लागतात.

फोटो काढताना प्रत्येक इमारतीचा एक समोरून सरळ, दोन कोपऱ्यांतून, आणि शेजारी टेप किंवा मापाची पट्टी धरून बारकाव्यांचे. भिंतीला आधीच तडे असतील तर त्यांचे तारखेसह नक्की काढा, कारण पुढे तडा वाढला की तो आधीपासूनच होता असं सांगितलं जातं. कुठे उभं राहून काढलाय तेही लिहा, काम झाल्यावर तिथूनच परत काढायचाय.

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं सगळ्यात आधी करा, बाकी थांबू शकतं. 'जुन्या आठवणी सांगा' म्हटलं की माणूस गप्प होतो, त्यापेक्षा जुना फोटो हातात द्या आणि विचारा, इथे आधी काय होतं, पाणी कुठून यायचं, या कोपऱ्याला काय म्हणायचे. रेकॉर्डिंगची परवानगी, तारीख आणि जागा सुरुवातीलाच बोलून घ्या. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा, खरं-खोटं ठरवत बसू नका.

एखादा दगड किंवा फलक हलवावाच लागला तर उचलण्याआधी जागा, दिशा आणि नंबर लिहा. इजिप्तमधली अबू सिंबेलची मंदिरं १९६४ ते १९६८ मध्ये कापून उंचावर नेली तेव्हा तुकड्यांना नंबर होते म्हणूनच ती परत जुळली. गोदामात बिननोंदीचा पडलेला दगड कुठला होता हे नंतर कोणीच सांगू शकत नाही.

फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग जागा. तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा लायब्ररीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बारीक झालेले असतात, मूळ फाइलच मागून घ्या.

आणि खोदाई चालू असताना रोज एक चक्कर मारा, चर उघडा असतो तेव्हा जुनी गटारं, फरशा, पाया सगळं दिसतं, आणि तो बुजवायला एक दुपार पुरते.