फोमच्या चिलखताचा रंग तडकत होता, त्यावर केलेला उपाय
आमच्या ग्रुपची वेशभूषेची चिलखतं १० एमएम इव्हीए फोमची (चपलांच्या तळव्याला असतो तसला लवचिक फोम), छातीच्या तुकड्याला बाक दिला की रंगाला भेगा पडायच्याच. मग क्रम बदलला, आधी हीट गनने फोम तापवून बाक द्यायचा, वरून जरा चकाकला की छिद्रं बंद झाली समजायचं, त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचे ३-४ पातळ हात, दर वेळी नीट वाळवून, आणि मगच अ‍ॅक्रिलिक रंग. जोडाला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह (दोन्ही बाजू अर्धवट वाळल्यावर चिकटवायचा गोंद) दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं (खिडक्या उघड्या ठेवा हं, वासाने डोकं धरतं). खांद्याचं वेल्क्रो मात्र घामाने सुटायचंच, तिथे नायलॉनची पट्टी आणि टिचबटणं लावली, आता हात वर करून पोझ देता येते.