व्हिक्टोरियन फॅशन प्लेटचं साल कसं ओळखायचं

पिंटरेस्टवर लांब झगे घातलेल्या बायकांची जुनी रंगीत चित्रं फिरतात ना, आणि खाली नुसतं 'व्हिक्टोरियन' लिहिलेलं असतं, त्यावर जास्त भरवसा ठेवू नका. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती १८३७ ते १९०१, तेवढ्यात फॅशन कितीदा उलटीपालटी झाली! ही चित्रं म्हणजे बायकांच्या मासिकांतल्या प्लेट्स, म्हणजे नवी फॅशन दाखवणारी चित्रांची पानं, पुढे कोणीतरी त्या कापून सुट्या विकल्या की साल मागेच राहिलं.

आधी स्कर्ट बघा, चेहरा नाही (चेहरे सगळ्यांचे सारखेच काढलेत). १८५६ च्या आसपास पोलादी कड्यांचं क्रिनोलिन (स्कर्ट फुगवायला आत घालायचा पिंजरा) आलं, त्यामुळे घेर चारी बाजूंनी गोल दिसला तर साधारण तिथपासून १८६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं धरा. मग पुढची बाजू सपाट होत जाते, सगळं कापड मागे सरकतं आणि १८७० च्या सुमारास 'बसल' (कमरेमागे स्कर्टला फुगवटा देणारा आधार) येतं. पण १८७७ ते ८२ मध्ये हा मागचा फुगवटा जवळजवळ गायब, स्कर्ट इतका अंगासरशी की बाई जिना कशी चढत असेल देव जाणे, आणि लगेच १८८३ च्या सुमारास बसल परत, तेही मागे फळी ठोकल्यासारखं आडवं. लोक इथेच गडबडतात, दोन्ही बसलांना एकच समजतात.

मग बाह्या. खांद्यापासून फुगलेल्या बाह्या आणि जमिनीपर्यंत स्कर्ट असेल तर १८९५ च्या आगेमागे. फुग्याच्या बाह्या १८३० च्या दशकातही होत्या, पण तेव्हा खांदा उतरता आणि घोटा दिसेल एवढाच स्कर्ट.

रंगावरून मात्र काही ठरवू नका. फिलाडेल्फियाच्या गोडीज लेडीज बुक या मासिकाच्या प्लेट्स बायका हाताने रंगवायच्या, त्यामुळे एकाच प्लेटच्या दोन कॉप्यांत झगा वेगळ्या रंगाचा निघू शकतो.

खाली फ्रेंच लिहिलंय म्हणून मासिक फ्रेंचच असंही नाही हं. १८६० मध्ये सॅम्युअल आणि इझाबेला बीटन यांनी लंडनच्या इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीनसाठी पॅरिसहून प्लेट्स आणायला सुरुवात केली, त्या चित्रकार ज्यूल डेव्हिडने ल मोनितर द ला मोद या फ्रेंच मासिकासाठी काढलेल्या, म्हणजे तेच चित्र दोन देशांत सापडतं.

आता पक्कं करायचं. अंदाजाची चार-पाच वर्षं हाताशी आली की आर्काइव्ह डॉट ऑर्ग किंवा हाथीट्रस्टवर (दोन्ही जुन्या पुस्तकांच्या स्कॅनच्या साइट) मासिकाचं नाव टाकून त्या वर्षांचे व्हॉल्यूम उघडा, गोडीजचे वर्षाला दोन असतात, जानेवारी आणि जुलैपासून. फ्रेंच मासिक असेल तर गॅलिका, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट. प्लेट स्कॅनमध्ये नसली तर लगेच सोडून देऊ नका, बऱ्याच कॉप्यांमधून ती आधीच कापलेली असते, पण तिचं वर्णन आतल्या पानांवर शिल्लक असतं, फिगर १, फिगर २ करत कापड कुठलं, लेस कुठे, टोपीवर काय, सगळं. ते तुमच्या चित्राशी ताडून बघा, रंग सोडून. बटणं, झालरी, टोपीची पिसं जुळली की महिन्यासकट तारीख मिळते आणि बाई नक्की काय घालून उभी आहे तेही कळतं. एका लायब्ररीच्या कॉपीत नाही मिळालं तर दुसऱ्या लायब्ररीचं स्कॅन उघडा, हाथीट्रस्टवर एकाच व्हॉल्यूमच्या बऱ्याचदा दोन-तीन कॉप्या असतात.