मान दुखते? आधी ती ताणणं थांबवा

मान आखडली की भेटेल तो वैद्य होतो. एक सांगतो उशी फेकून दे, दुसरा सांगतो पट्टा बांध, तिसरा थेट मानेला हात घालून ‘थांब, मोकळी करतो’ म्हणतो. माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे आठ तास मान खाली घालून अक्षरं निरखायची. बारा वर्षांत मान इतक्या वेळा धरली की मोजणं सोडून दिलं, पण तिला पुन्हा कामाला कसं लावायचं ते शिकले. त्यातला सोपा भाग झरझर सांगते. एका पायरीवर मात्र रेंगाळणार आहे, कारण तिथे मी स्वतः दोन महिने फुकट घालवले.

आधी हे तपासा

पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलं असेल, ताप आणि जबर डोकेदुखीबरोबर मान ताठ झाली असेल, हातातली ताकद गेली असेल, बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जीभ जड होत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा कळ छातीतून मानेत-जबड्यात येत असेल, तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आजच. जुना संधिवात, पूर्वी झालेला कर्करोग, ठिसूळ झालेली हाडं यांपैकी काही असेल तर व्यायामाआधी विचारून घ्या.

उरलेल्यांची, म्हणजे बहुतेकांची, मान दमलेली आणि चिडलेली असते, एवढंच. एक्स-रेत ‘मणक्यांची झीज’ लिहून आली म्हणून हातपाय गाळू नका. वय वाढलं की ती कधीही न दुखणाऱ्या मानांतही सर्रास दिसते.

आखडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस

अंथरूण धरू नका. पट्टाही नको, तो मानेचं काम काढून घेतो आणि काम न केलेली मान आणखी घाबरते. पाठीवर झोपा, डोकं उशीवर सोडा आणि ते डावीकडे-उजवीकडे लोळवा. उचलायचं नाही, लोळवायचं. कळ येण्याच्या जरासं अलीकडे थांबा, परत या. दहा वेळा, दर दोन तासांनी. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते उशीने पेललं की स्नायू पकड सोडतात आणि जी मान बसल्या जागी तसूभर वळत नव्हती ती आडवं झाल्यावर बऱ्यापैकी वळते. मग दहा मिनिटं चाला, हात मोकळे हलवत. शेकाने बरं वाटत असेल तर जरूर घ्या.

मान गोल गोल फिरवू नका. शाळेतल्या कवायतीपासून अंगवळणी पडलेला हा प्रकार दुखऱ्या मानेच्या कामाचा नाही. मान मागे टाकून एका बाजूला वळवली की त्या बाजूच्या नसा मणक्यांमधून जिथून बाहेर पडतात त्या फटी अरुंद होतात, आणि चिडलेल्या नसेला नेमकं तेच नको असतं. झटका देऊन कुणाकडून मान मोडूनही घेऊ नका. तो ‘कट्’ आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या बुडबुड्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. आणि क्वचित का होईना, अशा झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणं आहेत.

ताणून काय मिळतं

कान खांद्याकडे, हाताने डोकं ओढून धरा, तीस सेकंद. हे मी वर्षानुवर्षं केलं. दोन तास बरं वाटायचं, संध्याकाळी खांद्यावरची गाठ पुन्हा तिथेच. ती गाठ ताठ असते कारण तो स्नायू दुसऱ्या कुणाचं तरी काम ओढत असतो. त्याला नुसतं ताणलं की तो थोडा वेळ सैलावतो आणि पुन्हा कामावर रुजू होतो. फिनलंडमध्ये जुन्या मानदुखीच्या १८० कार्यालयीन स्त्रियांवर केलेला वर्षभराचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मान-खांद्यांची ताकद किंवा दम वाढवणारे व्यायाम केलेल्या दोन्ही गटांचं दुखणं, ताणण्याचे आणि चालण्या-पळण्यासारखे व्यायाम सांगितलेल्या गटापेक्षा बरंच जास्त कमी झालं. ताणायचंच असेल तर आंघोळीनंतर हलकं ताणा, पण त्याला उपचार म्हणू नका.

छोटं ‘हो’: इथे थांबा, घाई करू नका

ते दुसऱ्याचं काम कुणाचं, हा खरा प्रश्न. मणक्यांना समोरून चिकटून काही पातळ स्नायू असतात. लाँगस कोली आणि लाँगस कॅपिटिस ही त्यांची नावं, आणि मानेचे मणके एकमेकांवर धरून ठेवणं हे त्यांचं काम. मान दुखू लागली की ते अंग चोरतात. मग कानामागून निघून गळ्याच्या खळीपर्यंत तिरकी उतरणारी जाड दोरी दिसते ना, तो वरवरचा स्नायू आणि खांद्यावरचे त्याचे भाऊबंद सगळा भार उचलतात आणि दमतात. आपल्याला आतल्यांना जागं करायचं आहे, या दोरीला कळू न देता. सगळी मेख तिथे आहे.

मी कुठल्याशा चित्रफितीत बघून हनुवटी मागे दाबायला सुरुवात केली. खुर्चीत ताठ बसून, दात आवळून, गळ्याला दुहेरी हनुवटी येईपर्यंत, वीस-वीस वेळा. जितकी जोरात तितकी गुणकारी, अशी माझी समजूत. दोन महिने हे चाललं. मान तशीच राहिली, वर कवटीच्या तळाशी डोकेदुखी सुरू झाली आणि जबडा दुखू लागला तो वेगळाच. शेवटी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी मला झोपवलं, माझीच दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “करून दाखवा.” बोटांखाली दोरी तारेसारखी ताठ झाली. “अर्धं करा.” केलं, तरी ताठच. “आता त्याचंही अर्धं.” मी काहीच करत नाहीये असं मला वाटू लागलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “हं, आता बरोबर.”

तर असं करा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले. डोक्याखाली टॉवेलची पातळ घडी, इतकीच की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत यावी. हनुवटी छताकडे उचललेली राहत असेल तर घडी थोडी वाढवा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला. हे जिभेचं आणि दातांचं प्रकरण नखरा वाटेल, पण दात आवळले की जबड्याचे स्नायू मध्ये पडतात आणि व्यायाम त्यांचा होतो. आता दोन बोटं गळ्याच्या बाजूला त्या दोरीवर ठेवा. नजर छतावरून गुडघ्यांकडे आणा आणि नजरेमागोमाग तोंडाने नव्हे, मानेने अगदी बारीक ‘हो’ म्हणा, कुणाच्या लक्षात येऊ नये इतपत. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून किंचित वर, माथ्याच्या दिशेने सरकते. डोकं उचललं जात नाही, आणि मान जमिनीत दाबलीही जात नाही. तिथे दहा सेकंद थांबा, श्वास चालू ठेवून. सोडा. असं दहा वेळा, दिवसातून दोनदा.

बोटांखाली दोरी उभी राहिली की तुम्ही जास्त करताय. श्वास रोखला गेला तरी जास्त करताय. मान थरथरली, तरीही. प्रत्येक वेळी उत्तर एकच: कमी करा. किती कमी, याचं एक माप सांगते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेन्डोलेन जुल यांनी या स्नायूंच्या चाचणीवर बरंच काम केलं आहे. त्या चाचणीत मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात. सुरुवातीला दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरएवढा, आणि मान हलवून तो दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर दहा सेकंद धरायचा. म्हणजे पहिल्या टप्प्याला अवघा दोन मिलिमीटरचा फरक, आणि दुखऱ्या मानेचे कित्येक जण सगळे टप्पे गाठूच शकत नाहीत. त्यामुळे ‘मला तर काही जाणवतच नाही’ ही तक्रार पहिल्या आठवड्यात कानाआड करा. जाणवायला लागलं असेल तर उलट बोटं पुन्हा गळ्यावर ठेवून बघा.

दहा वेळा दहा सेकंद, दोरी मऊ ठेवून, सहज जमू लागलं की मगच हेच बसून करा. ज्यांना दोन आठवडे लागतात त्यांना लागू देत. मला पाच लागले. हनुवटी जोरात मागे दाबण्याचा तो प्रसिद्ध प्रकार काहींना मानवतोही, पण मी तो कुणालाही पहिल्या दिवशी सांगणार नाही.

यात कितपत दुखलेलं चालेल? दहापैकी तीनपर्यंत, आणि तेही दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. कळ किंवा मुंग्या हातात खाली सरकू लागल्या तर थांबा. खाली हातात असलेलं दुखणं वर मानेकडे गोळा होत असेल तर मात्र ते चांगलं लक्षण समजतात, मान तेवढ्यापुरती जास्त दुखली तरी.

ताकद

आता सोपं. तळहात कपाळाला लावा, डोक्याने हलकेच दाबा, डोकं हलू देऊ नका, सहा सेकंद. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. जोर अंडं फुटणार नाही एवढाच.

खांद्यांसाठी रबरी पट्टा घ्या, मधोमध पायाखाली दाबा, टोकं हातात धरा आणि हात बाजूंना, जरासे पुढच्या बाजूने, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानाकडे चढू न देता. डेन्मार्कमध्ये वारंवार मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसता हाच व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. रोज बारा मिनिटं करणाऱ्यांना फायदा झाला, तसा रोज दोन मिनिटं करणाऱ्यांनाही झाला. वेळ नाही ही सबब त्या दिवसापासून मी ऐकून घेत नाही, स्वतःचीसुद्धा.

पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरं मागे ओढा, खांद्यांची पाती जवळ येईपर्यंत. बारा वेळा, एक दिवसाआड.

दिवसभर

‘ताठ बस’ हा सल्ला मी सपशेल नाकारते. ताठ बसून तीन तास न हललेली मानही दुखतेच. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, खांद्यांवरून मागे बघा, पुन्हा बसा. मोबाईल डोळ्यांकडे आणा, डोळे मोबाईलकडे नेऊ नका. फोन कान-खांद्यात दाबून बोलायची सवय असेल तर ती आजपासून बंद. उशी अशी हवी की कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील. तेवढं जमलं की महागडी-स्वस्त हा प्रश्न उरत नाही. पोटावर झोपू नका, रात्रभर मान एकाच बाजूला वळलेली राहते.

फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि दुखणं गेलं की व्यायाम सुटतो हे मला माहीत आहे, कारण माझाही सुटतो. मग एखाद्या कामाच्या धबडग्यात मान पुन्हा धरते. अशा वेळी रबरी पट्ट्यावर तुटून पडू नका. दोन दिवस उशीवर डोकं लोळवा, मग छोटं ‘हो’, पाच सेकंद, पाच वेळा, बोटं गळ्यावर ठेवून. हात उचलण्याचा व्यायाम चौथ्या-पाचव्या दिवशी, आधीपेक्षा मऊ पट्ट्याने.