सप्टेंबर-ऑक्टोबरचा सल्ला : बाशिंग आणि हंसराज वाढवा, पण जंगलातून आणू नका

पाऊस ओसरायला लागला की ठाण्याजवळच्या येऊरहून परतणाऱ्यांच्या पिशव्यांत हंसराज या नेच्याचे (फर्नचे) गड्डे दिसू लागतात. ओल्या कपारीतून बोटांनी उपटलेले, मुळांना लाल माती, पानं अजून टवटवीत. घरी आणून कुंडीत लावतात, दिवाळीपर्यंत पानं करपतात, झाड मेलं म्हणून कुंडी रिकामी होते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा नवा गड्डा येतो. सावलीची बाग करणाऱ्यांना आणि छोटी नर्सरी चालवणाऱ्यांना या दिवसांत पहिली कळकळीची विनंती हीच : डोंगरातून एकही नेचा उपटून आणू नका. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून किंवा कर्नाळा, तानसा अभयारण्यांतून विनापरवाना झाड काढणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. खारघरच्या किंवा पारसिकच्या डोंगरावर कोणी हटकलं नाही, तरी कपार रिकामी व्हायची ती होतेच.

खरं म्हणजे दिवाळीत करपलेला तो हंसराज बहुतेक वेळा मेलेला नसतो. तो पावसाळी नेचा आहे. हवेतला ओलावा गेला की पानं टाकतो आणि मातीतला कंद जिवंत ठेवून झोपतो. आपण घाबरून पाणी वाढवतो आणि तो कंद कुजवतो. ज्यांच्याकडे आधीपासून हंसराज आहे त्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी हळूहळू कमी करावं, पानं पूर्ण वाळली की कुंडी सावलीत सरकवावी आणि पंधरा दिवसांतून एकदा जेमतेम ओल द्यावी. मे अखेरीपर्यंत ती कुंडी रिकामी दिसेल. फेकू नका.

याच हंसराजाची एक सोय आहे. त्याच्या लांब पानाचं टोक वाकून मातीला टेकलं की तिथेच मूळ धरतं आणि नवं रोप येतं. आत्ता पानं हिरवी आहेत तोवर शेजारी ओल्या मातीची छोटी कुंडी ठेवा, टोक त्यावर टेकवून खडा ठेवा. मुळं धरली की देठ कापा. एका कुंडीतून शेजाऱ्यांना वाटण्याइतकी रोपं होतात आणि मूळ झाडाला धक्काही लागत नाही.

आता बाशिंगाकडे वळू. हाही नेचाच, पण झाडांच्या खोडा-फांद्यांवर वाढणारा. सह्याद्रीत तो अजून बराच आहे, पण शहरातली जुनी आंब्याची झाडं तुटली तसा इथला बाशिंग दिसेनासा झाला. याला दोन प्रकारची पानं असतात. लांब, हिरवी, कातरलेली पानं अन्न तयार करतात आणि उन्हाळ्यात गळतात. बुडाशी असलेली आखूड, तपकिरी, कागदासारखी पानं मात्र तशीच राहतात. त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो, कुजतो आणि तेच झाडाचं खत. आमच्याकडे एका माळीदादांनी ती वाळलेली पानं समजून एका सकाळी सगळी साफ केली. झाड पुढची दोन वर्षं खुरटलेलं राहिलं. तेव्हा तपकिरी पानांना हात लावू नका, आणि बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

नवीन बाशिंग करायचं तर बीजाणूंपासून करा, आणि त्याची वेळ आत्ताच आहे. ओळखीच्या बागेतल्या बाशिंगाचं हिरवं पान उलटून बघा. शिरांच्या मधोमध दोन-दोन ओळींत गोल ठिपके दिसतील. ठिपके हिरवट असतील तर थांबा. तपकिरी झाले असतील तर पानाचा वीतभर तुकडा पुरतो. तो कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून पंख्यापासून दूर, कोरड्या जागी दोन दिवस ठेवा. पाकिटाच्या तळाशी तपकिरी भुकटी जमते. कागद तिरपा करून हलकेच टिचकी मारा. भरड कचरा आधी घसरतो, बारीक धूळ कागदाला चिकटून राहते. ती धूळ म्हणजे बीजाणू.

मिठाईचा पारदर्शक डबा घ्या. दोन भाग चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि एक भाग विटांचा बारीक चुरा त्यात भरा. त्यावर उकळतं पाणी दोनदा ओता आणि झाकण लावून गार होऊ द्या, नाहीतर बीजाणूंच्या आधी बुरशी आणि शेवाळ उगवतं. गार झाल्यावर भुकटी अगदी विरळ पेरा. मातीने झाकू नका, बीजाणूंना उजेड लागतो. डबा बंद करून उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीत ठेवा, थेट ऊन नको. पाणी लागलंच तर उकळून गार केलेलं.

काही आठवड्यांत मातीवर हिरवी झाक येते. बहुतेक लोक इथेच शेवाळ समजून डबा धुऊन टाकतात. भिंग लावून बघा : नखापेक्षाही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या हिरव्या पाकळ्या दिसतील. ही नेच्याची पहिली पिढी. यातल्या नरपेशी पाण्यातून पोहत मादीपेशीपर्यंत जातात, म्हणून या काळात आठवड्यातून एकदा बारीक फवारा मारून पृष्ठभाग ओला ठेवायचा. ते पाणी मिळालं नाही तर पाकळ्या महिनोन्‌महिने तशाच राहतात, रोप होत नाही. पुढे त्या पाकळीच्या खालून पहिलं इवलंसं पान वर येतं. तीन-चार पानं झाली की पुंजका तसाच उचलून छोट्या कुंडीत लावा.

मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरचं ऊन नेच्यांना सगळ्यात जास्त मारतं. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत पश्चिमेच्या गॅलरीत वाराही लागतो, तिथे ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट (सावलीची जाळी) आणि कुंड्यांखाली ओल्या खडीचे ट्रे ठेवा. नवी मुंबईत सोसायटीच्या तळमजल्यावरची भिंतीलगतची जागा जास्त चांगली. खत नेहमीच्या निम्म्याहून कमी द्या. निंबोळी तेल एका पानावर मारून दोन दिवस बघितल्याशिवाय सगळीकडे फवारू नका, कोवळी पानं भाजतात. मोठ्या शंखी गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, त्याला दुसरा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

विकत घेताना कुंडीतून रोप अलगद काढून बघा. नर्सरीत वाढलेल्या रोपाची मुळं कुंडीभर सारखी पसरलेली असतात. उपटून आणलेल्याची मुळं तुटलेली, लाल मातीचा किंवा मॉसचा गोळा चिकटलेला, आणि एकाच ओळीतली रोपं लहानमोठी. असं रोप घेऊ नका, आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगा. कुठे ट्रेकमध्ये न ओळखता येणारा, एकटादुकटा नेचा दिसला तर फोटो काढा, पण नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका.

बाशिंगाच्या रोपांना कुंडीत एक पूर्ण पावसाळा द्या. त्याच्या पुढच्या जूनमध्ये, चांगल्या दोन-तीन सरी पडून गेल्या की ती झाडावर चढवा. आंबा किंवा फणस चालतो, साल सोलणारा पेरू नको. बाशिंगाचं खोड मातीत पुरायचं नाही, फांदीच्या बेचक्यात मूठभर पालापाचोळा ठेवून काथ्याने बांधायचं. काथ्या कुजून पडेपर्यंत मुळांनी साल धरलेली असते.