पाच काळ्या पट्ट्या आणि डावा हात

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो माझ्या हॉलमध्ये राहिला. तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवलेली, तेव्हा म्हटलं, सूर तेच, त्यात काय! पहिल्याच गणपतीत पाहुण्यांसमोर पेडल दाबून ठेवून भराभर ताना घेतल्या. सगळ्याची नुसती खिचडी झाली. भाचा म्हणाला, "मावशी, टायपिंग झकास करतेस." राग आला, पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्यानंतर पियानोवर आपल्या मनाने राग वाजवण्याबद्दल जे उमगत गेलं ते सांगते. पेटी येत नसली तरी चालेल, सरगम माहीत असली की पुरे.

पांढऱ्या पट्ट्या आठवडाभर विसरा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी येतात; दोघींपासून मोजत गेलं की काळी एक ते काळी पाच. तिघींतली पहिली म्हणजे काळी तीन, तिला सा माना. तिथून काळ्या-काळ्याच चढत जा: सा रे ग प ध. झाला भूप राग. म्हणजे भूपाचे सूर झाले. त्याच सुरांत धैवतावर, म्हणजे ध वर, रेंगाळलात तर देशकार या दुसऱ्या रागाच्या अंगणात जाल. म्हणून मुक्काम गंधारावर, म्हणजे ग वर, ठेवा.

आता डावा हात. आम्हा पेटीवाल्यांचा हा हात जन्मभर भाता मारतो, पट्ट्यांच्या बाबतीत तो अगदी अडाणी. त्याला एकच काम द्या: खालच्या सप्तकात सा आणि प, म्हणजे काळी तीन आणि तिच्या वरची काळी एक, एकामागून एक हळूच वाजवायच्या. नाद विरत आला की पुन्हा. हाच तुमचा तानपुरा. पेडल उजवीकडचं, सूर लांबवणारं; डाव्या हाताने सा पुन्हा वाजवला की पाय उचलायचा आणि लगेच परत दाबायचा. माझी खिचडी पाय न उचलल्यामुळे झाली होती.

खरी मेहनत इथून पुढे. पेटीत हवा आहे तोवर सूर उभा राहतो, आवाज कमी-जास्त करायचा तो भात्याने. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. डिजिटलमध्येही त्याचीच नक्कल असते. बळ सगळं बोटाच्या वेगात. एकच गंधार दहा वेळा वाजवा, मोठ्यापासून जेमतेम ऐकू येईल इतका लहान. मग ग वाजवून थांबा, तो विरत जाऊ द्या आणि ज्या आवाजावर तो पोहोचलाय त्याच आवाजात रे वाजवा. दोन सूर जोडल्यासारखे वाटतात, जणू एकाच श्वासात गायलेत. मला हे जमायला दोन महिने लागले. रोज दहा मिनिटं, फक्त सा रे ग.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येणार नाही, मनाची तयारी ठेवा. पेटीवर हाच आरोप होता; आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. पण कणस्वर, म्हणजे मुख्य सुराआधीचा ओझरता सूर, देता येतो. गंधाराआधी पंचमाला, म्हणजे प ला, निसटता स्पर्श करा, गंधार जरा उशिरा येऊ द्या. उशीर महत्त्वाचा.

सुचत नसेल तर बोला. "अगं, चहा झाला का?" हे तोंडाने म्हणा आणि त्याच लयीत वाजवा, शेवट रे वर अधांतरी सोडा. मग गप्प बसा. "हो, ये की!" हे उत्तर सा वर आणून टेकवा. प्रश्न विचारल्यावर आपण माणसाला बोलायला जेवढा वेळ देतो, तेवढा इथेही द्यायचा. माझी भराभर ताना घेण्याची सवय सुटली ती इथेच.

भूपात करमेनासं झालं की गंमत करा. उजवा हात काळ्या पट्ट्यांवरच ठेवा, डाव्या हाताचा सा तेवढा हलवा. काळी एक सा केली की दुर्गा राग, काळी चार केली की मधमाद सारंग, काळी दोन केली की धानी. आणि काळी पाच, म्हणजे भूपातला गंधारच, सा केलात तर मालकंस! त्यात पंचम नाही, म्हणून डाव्या हातात सा बरोबर मध्यम, म्हणजे म, काळी दोन. उजव्या हाताची जुनी सवय मात्र भूपाच्या सा कडे ओढते. तिथे थांबायचं नाही, मध्यमावर थांबायचं.

रोजचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा, पण त्याच दिवशी ऐकू नका. वाजवताना स्वतःवर खूश असतो आपण. माझ्याकडे मालकंसाची सात मिनिटं ठेवलीत, त्यातली साधारण दीड बरी आहेत. भाच्याला अजून पाठवलेली नाहीत.